यजमान आणि प्रवासी

पर्यटनाचा यजमान समाजावर होणारा परिणाम सामान्यतः प्रवाशांच्या संख्येवरून मोजला जातो. प्रवासी वाढले की उत्पन्न वाढते आणि उपद्रवही वाढतो, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु प्रवासी कोणत्या हेतूने येतो, किती काळ राहतो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हे पाहिल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातील सेंट फिलोमिना कॅथेड्रलचे उदाहरण घेऊ. कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या हस्ते १९३३ साली या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. तिची दोन उंच शिखरे पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. त्याच दारातून प्रार्थनेसाठी भाविकही आत जातात. प्रवाशाच्या दृष्टीने ते एक प्रेक्षणीय स्थळ आहे. भाविकाच्या दृष्टीने मात्र बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी यांनी आयुष्याशी जोडलेले उपासनास्थान आहे.

प्रवासीही सारे एकसारखे नसतात. समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९७२ मध्ये त्यांचे चार वर्ग कल्पिले. त्यांपैकी दोन वर्ग संघटित पर्यटनव्यवसायाच्या आश्रयाने हिंडतात, तर उरलेले दोन त्याच्या कक्षेबाहेर राहू पाहतात. म्हैसुरात राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान एका दिवसात उरकणारा प्रवासी पहिल्या प्रकारात मोडतो. गोकुलम भागात योग शिकण्यासाठी आठवडेच्या आठवडे राहणारा परदेशी विद्यार्थी दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळ जातो.

यांपैकी दुसरा प्रवासी अधिक जिज्ञासू, म्हणून यजमानांना तोच अधिक हितकारक, असे आपण सहज मानतो. तथापि पहिला प्रवासी गर्दी करतो आणि संध्याकाळी निघून जातो. दुसरा वस्तीत घर भाड्याने घेतो. त्यामुळे घरमालकाला व खाणावळवाल्याला उत्पन्न मिळते. परंतु भाडी वाढली, तर त्याची झळ तेथेच राहणाऱ्या भाडेकरूला लागते.

बार्बाडोस आणि कॅनडातील नायगरा-ऑन-द-लेक येथील अनुभवांवरून डॉक्सी यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, यजमानांची वृत्ती स्वागताकडून उदासीनतेकडे, पुढे त्राग्याकडे आणि अखेर वैराकडे झुकत जाते. हा क्रम अटळ मानण्याचे कारण नाही. यजमान समाज म्हणजे काही एकच व्यक्ती नव्हे. टांगेवाल्याला जो प्रवासी हवासा वाटतो, तोच प्रार्थनेला बसलेल्या वृद्धेला नकोसा वाटू शकतो. लाभ एकाच्या पदरी आणि भार दुसऱ्याच्या माथी अशी वाटणी झाली, की त्राग्याला आरंभ होतो.

म्हणूनच किती प्रवासी आले, एवढेच विचारून भागत नाही. प्रार्थनेच्या वेळी दार कोणासाठी उघडे असावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांची ती प्रार्थना आहे, त्यांच्याकडे राहिला आहे काय, हेही विचारले पाहिजे. तो अधिकार जोवर शाबूत आहे, तोवर आतिथ्य स्वेच्छेचे राहते; तो गेला की आतिथ्याची केवळ सक्ती उरते.