कोल्हापुरात फरशी गरम करावी का?

प्रश्न : टोरांटोला मुलीच्या घरी लाकडी जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. आमच्या तळमजल्यावर तशी सोय होईल का? थंडीत सासूबाईंना फरशीवर पाय टेकवत नाही.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : होईल, पण तिकडच्या पद्धतीने नाही. तिथे तळघरातून वर पाहिलं की जमिनीच्या फळ्यांची खालची बाजू दिसते. तिथेच तुळयांच्या मधे ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी नळ्या बसवतात आणि खाली उष्णतारोधक थर देतात. तुमच्या फरशीखाली कोबा आणि भराव. खालून हात घालायला जागाच नाही. म्हणजे फरशी उखडायची, कोब्यावर उष्णतारोधक शीट, त्यावर विजेची केबल किंवा नळ्या आणि वर पुन्हा फरशी. शीट वगळली तर बरीच ऊब जमिनीतच मुरेल. शिवाय जमीन उंचावल्याने दारं खालून तासावी लागतील.

केबल चौरस मीटरला साधारण १०० वॅट घेते. दहा बाय दहाच्या खोलीला पूर्ण भारावर ताशी जवळपास एक युनिट.

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास असतो. तेवढ्यासाठी हा खटाटोप करू नये. गुळगुळीत टाइल पायाची ऊब झटकन ओढते, म्हणून ती जास्त गार लागते. पलंगापासून बाथरूमपर्यंत खाली रबर असलेली, न घसरणारी जाड पट्टी अंथरा. तिच्या कडा दुमडू देऊ नका. वयस्कर माणसं तिथेच अडखळतात. पावसाळ्यात ती उचलून ठेवा, नाहीतर खाली बुरशी धरेल.