नाव राखले, नमुना गेला

कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. तरीही जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच घाटाची चप्पल दाखविली. कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली.

नोंद असून असे का घडले? 1999 चा कायदा राखतो ते नाव. महाराष्ट्र व कर्नाटकातील ठरलेल्या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेला माल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही. पण नाव न घेता घाट उचलला तर हा कायदा तोकडा पडतो. शिवाय येथील नोंद परदेशात आपोआप चालत नाही.

नमुन्यासाठी 2000 चा डिझाइन कायदा आहे. मुदत 10 वर्षे, ती आणखी 5 वर्षे वाढविता येते. मात्र नमुना नवा हवा आणि अर्जापूर्वी जाहीर झालेला नसावा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घाट यात बसत नाही. आम्ही कापडवाले तर नवी बुट्टी निघाली की आधी बाजारात फिरवितो आणि मागाहून पस्तावतो.

म्हणून कारागीर बंधूंनी दोन कामे करावीत. आपल्या मालाला निर्देशांक असेल तर चेन्नईच्या कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावे. नवा नमुना असेल तर कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयाकडे अर्ज आधी, सौदा नंतर.