आतड्याचे टाके आणि आंबटाचं पथ्य

आतड्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण घरी निघाला की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, आंबट बंद ना? टाके पिकतील." मग महिना महिना पानात लिंबाची फोड पडत नाही. माझं सांगणं नेमकं उलट आहे.

आतडं कापून दोन टोकं जोडली, तरी आमचा दोरा ती काही दिवस धरून ठेवतो, एवढंच. खरी जोड शरीर करतं, कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांनी. त्या धाग्यांना घट्ट पीळ बसायला क जीवनसत्त्व लागतं. पहिल्या आठवड्यात जुने धागे विरघळत असतात आणि नवे पुरेसे विणलेले नसतात. जोड सर्वांत नाजूक असते ती तेव्हाच.

1939 साली बॉस्टनमधले तरुण सर्जन जॉन क्रॅन्डन यांनी क जीवनसत्त्वाशिवाय जखम भरते का, हे स्वतःवरच तपासलं. क जीवनसत्त्व नसलेला आहार त्यांनी सहा महिने घेतला. तिसऱ्या महिन्यात पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहाव्या महिन्यातली मात्र कातडीखाली भरेचना. शिरेतून क जीवनसत्त्व सुरू केल्यावर तीही भरून आली. म्हणजे शरीरातला साठा संपायला वेळ लागतो. म्हणूनच मला काळजी वाटते ती ऑपरेशनच्या आधीच कित्येक आठवडे धड न जेवलेल्या रुग्णांची, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची; त्यांचा साठा आधीच कमी असतो.

निरोगी पुरुषाला रोज सुमारे 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. ऑपरेशननंतर गरज वाढते. डॉक्टरांनी तोंडाने खायला परवानगी दिली, की गाळलेला मोसंबीचा रस घ्या, पेज किंवा वरण ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा. उकळत्या वरणात पिळलं तर बरंचसं जीवनसत्त्व उष्णतेने जातं. पेरूत ते भरपूर, पण बिया आणि चोथ्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे तो नको. पोटावर स्टोमा (आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड) असेल तर संत्र्याच्या फोडी सालीसकट गिळू नका, त्या अडकतात.

गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्यांना मूतखड्याचा धोका आधीच असतो. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसचं शरीरात ऑक्झलेट बनतं आणि हा धोका आणखी वाढतो.

आणि ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढलं, नाडी जलद झाली, तर "लिंबू खाल्लं म्हणून असेल" असं म्हणत घरी थांबू नका. जोड गळत असू शकते. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.