बायोप्सी कोण करणार, ते आधी विचारा

मोठ्या ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही. राग आहे तो त्याआधीच्या बोटभर चिरेचा.

आईच्या खांद्यात कॉन्ड्रोसार्कोमा निघाला. बहुधा चाळिशीनंतर होणारा हा हाडाचा कर्करोग केमोला आणि रेडिएशनला फारशी दाद देत नाही. गाठ भोवतालच्या निरोगी मांसासकट अखंड काढावी लागते. आमच्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआयची वाटही न पाहता, "एवढीशी तर चीर," म्हणत बायोप्सी उरकून टाकली.

मग आईला मुंबईला नेलं. तिथल्या सर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि व्रणावरून बोट फिरवलं. "ही चीर इथे कोणी घेतली?" माझ्या पोटात गोळा आला. छातीचा स्नायू आणि खांद्यावरचा डेल्टॉइड यांच्या मधल्या फटीतून आधीचे डॉक्टर आत शिरले होते. रक्त साकळून आत पसरलं होतं. बायोप्सीची वाट आणि ते रक्त पोहोचलं तेवढा भाग कर्करोगाने बाधित धरून गाठीबरोबर काढावाच लागतो. डेल्टॉइडच्या पुढच्या भागातून सरळ आत गेले असते तर थोडक्यात निभावलं असतं. आईचा डेल्टॉइड गेला, त्याची नसही गेली. रिव्हर्स प्रकारचा कृत्रिम सांधा डेल्टॉइडच्याच जोरावर हात उचलतो, म्हणून तो बसवण्यात अर्थ उरला नाही. शेवटी साधा धातूचा सांधा बसवला. आई त्या हाताने जेवते, सही करते. वेणी मात्र मी घालते.

आधीच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "जीव वाचला ना? मग या वयात आणखी काय हवं?" अमेरिकेतले हाडांचे सर्जन हेन्री मॅनकिन यांनी १९८२ साली आणि पुन्हा १९९६ साली दाखवून दिलं होतं, की बायोप्सी अंतिम ऑपरेशनच्या ठिकाणी न होता आधी दुसरीकडे झाली तर गुंतागुंत कितीतरी पटींनी वाढते. हाडांच्या डॉक्टरला हे ठाऊक नसावं?

म्हणून सांगते, आधी एमआरआय, मग बायोप्सी. तीही ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्याच हातून किंवा त्यांच्या सांगण्यावरून. सांध्याची कंपनी आणि किंमत नंतर. डेल्टॉइड आणि त्याची नस राहणार का, हे आधी विचारा. पुढून उघडणारे सैल ब्लाउज ऑपरेशनपूर्वीच शिवून घ्या. खांदा झोळीत असला तरी बोटं आणि मनगट कधीपासून हलवायचं, ते विचारून घ्या. सगळी कागदपत्रं जपा, धीर धरा. आणि "या वयात हात कशाला हवा" असं जिथे ऐकाल, तिथून फाइल उचलून सरळ बाहेर पडा.