घरच्या सर्व्हरचे दार का उघडत नाही?

दिल्लीलगतच्या नोएडातील एका घरात कुटुंबाची छायाचित्रे साठविणारा लहानसा संगणक आहे, असे समजू. मागणाऱ्यास माहिती पुरविणाऱ्या अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. घरातल्यांना तो तत्काळ उत्तर देतो. पुण्यास शिकावयास गेलेल्या मुलीला मात्र देत नाही. अशा वेळी पुष्कळ लोक घाईने फायरवॉलच बंद करतात. कुलूप उघडेना म्हणून भिंत पाडावी, तसा हा प्रकार होय. उघडी दारे हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात.

फायरवॉल म्हणजे पहारेकरी. मागणी कोणत्या पत्त्यावरून आली व कोणत्या दाराशी, म्हणजे पोर्टशी, आली हे पाहून तो नियम वरून खाली वाचतो. पुष्कळ फायरवॉलमध्ये लागू पडणारा पहिला नियमच अंतिम ठरतो. म्हणून ‘सर्वांस मज्जाव’ हा नियम वर असेल, तर खालची परवानगी कधी वाचलीच जात नाही. शिवाय, परवानगी केवळ १९२.१६८ ने आरंभ होणाऱ्या खाजगी पत्त्यांना दिलेली असेल, तर पुण्याहून आलेली मागणी परकीच ठरणार.

परंतु नियमांना हात लावण्यापूर्वी फायरवॉलची नोंदवही चालू करावी आणि घरचे वाय-फाय सोडून मोबाइलच्या जोडणीवरून मागणी धाडावी. नकाराची नोंद झाली, तर दोष नियमात आहे. काहीच नोंद नसेल, तर मागणी तेथवर पोचलीच नाही. मग नियम कितीही बदलले तरी व्यर्थ!

आता राउटर पाहावा. बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडे वळविण्याची सूचना त्यास दिलेली आहे ना? असल्यास त्याचा बाहेरील पत्ता तपासावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील असेल, तर अडथळा घराबाहेरच आहे. जुन्या, ३२ बिटांच्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते होतात. आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये सरला; २०१२ मध्ये हा पट्टा सेवा-कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला. त्यामुळे अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्याआड राहतात, आणि बाहेरची मागणी नेमकी कोणत्या घरची, हे कंपनीच्या यंत्रास उमगत नाही.

यावर कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागता येतो, किंवा १२८ बिटांचे नवे पत्ते वापरता येतात. मात्र नव्या पत्त्यांसाठीचे नियम बहुधा वेगळे लिहावे लागतात. जुन्यांवरच विसंबल्यास मुलीची मागणी पुन्हा उंबरठ्यावर अडते, क्वचित नको त्यालाही आत वाट मिळते.