शब्द कळले नाहीत तरी चालेल

मनू, तुझा प्रश्न आवडला, पण त्याच्या आधी जी प्रस्तावना जोडलीस ती नाही आवडली. म्हणे, "ताई, मी काही खरी प्रॉगवाली नाही गं, मला आपलं पिंक फ्लॉइड, जेनेसिस, येस आणि ड्रीम थिएटर एवढंच माहितीये." हे खरं-खोटं कुणी शिकवलं तुला? कॉलेजातल्या त्या कंपूनं ना? प्रत्येक कंपूत असा एक जण असतोच, ज्याला गाण्यापेक्षा "काय! तू हे ऐकलं नाहीस?" असं विचारण्यात जास्त गोडी असते. त्याला हसून म्हणायचं, "नाही रे, लाव ना, ऐकूया." पुष्कळदा त्यानंही नुसतं नाव ऐकलेलं असतं.

तू यादी मागितलीस. ती देणार नाही. शंभर बँडची यादी हातात पडली की तू प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं देशील आणि पुढे जाशील. प्रॉगमध्ये, म्हणजे या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, दोन मिनिटांत तर अजून बासरीवाल्यानं श्वाससुद्धा घेतलेला नसतो. त्यापेक्षा एक देश धर आणि तिथे थोडे दिवस मुक्काम कर. मला विचारशील तर सुरुवात इटलीपासून.

इटलीच का, ते ऐक. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्रजी बँडचा 'पॉन हार्ट्‌स' हा अवघड, आरडाओरडीचा, एक अख्खी बाजू एकाच गाण्याला दिलेला अल्बम घरी इंग्लंडात फारसा कुणी विचारला नाही. 1972 मध्ये तोच इटलीत विक्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर होता! ऑपेरा ऐकत वाढलेल्या त्या लोकांना लांबलचक, नाट्यमय, मध्येच रडवणारं आणि मध्येच गरजणारं गाणं परकं वाटलंच नाही. मग त्यांच्याकडची पोरं स्वतःच कामाला लागली, आणि 1972 आणि 1973 या दोन वर्षांत तिथून जे काही बाहेर पडलं ते ऐकायला तुला सबंध पावसाळा पुरणार नाही.

त्यातलं पहिलं नाव प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी. लांब वाटतं म्हणून सगळे पीएफएम म्हणतात. एका बेकरीवरून घेतलेलं नाव आहे ते, पण वाजवणारे पक्के तयारीचे. 'स्तोरिया दि उन मिनुतो' हा त्यांचा 1972 चा पहिला अल्बम. त्यात 'इम्प्रेसिओनी दि सेत्तेम्ब्रे' नावाचं गाणं आहे. कडवं हलक्या आवाजात म्हटलं जातं, आपण ध्रुवपदाची वाट बघतो, आणि ध्रुवपदाच्या जागी कुणी गातच नाही. तिथे मूग सिंथेसायझर येतो आणि गाण्याची सगळ्यात मोठी ओळ तोच वाजवतो, बिनशब्दांची. ते ऐकल्यावर इटालियन येत नाही ही तुझी अडचण कुठे जाते बघ.

हो, कारण तू तेही लिहिलंयस, "भाषा कळत नाही म्हणून मन लागत नाही." अगं, आजीला विचार, भीमसेनांची बंदिश ऐकताना तिला किती शब्द कळायचे? 'पिया' कळायचं, 'रैन' कळायचं, बाकी सगळं आवाजावर सोडलेलं असायचं. त्या घरात वाढलेल्या तुला न कळणाऱ्या शब्दांची भीती वाटावी?

या बँडना जगभर विकायचं म्हणून त्यांची इंग्रजी रूपंही निघाली. पीएफएमचा 1973 चा 'फोटोज ऑफ घोस्ट्स' हा तसा. किंग क्रिमसनसाठी लिहिणाऱ्या पीट सिनफील्डनं त्याला इंग्रजी शब्द दिले आणि एमर्सन, लेक अँड पामरच्या मँटिकोर कंपनीनं तो काढला. ले ऊर्मे या व्हेनिसकडच्या तिघांचा 'फेलोना ए सोरोना' म्हणजे एक उजेडाचा ग्रह आणि एक अंधाराचा, अशा दोघांची गोष्ट. त्याचे इंग्रजी शब्द तर व्हॅन डर ग्राफच्या पीटर हॅमिलनं लिहिले. दोघेही मोठे लिहिणारे, पण माझं मत विचारशील तर हे अल्बम इटालियनमध्येच ऐक. त्या भाषेत शब्दाच्या शेवटी स्वर येतो, त्यामुळे गाणाऱ्याला लांब धरून ठेवायला जागा मिळते. इंग्रजीत तीच चाल जिथे तिथे अडखळते. सहज मिळतं म्हणून इंग्रजीकडे वळू नकोस, एवढंच.

बांको देल मुतुओ सोक्कोर्सो हे रोममधले. नोचेन्झी भाऊ दोघेही कीबोर्डवर, आणि फ्रान्चेस्को दि जाकोमो हा दाढीवाला, भारदस्त देहाचा गाणारा. एवढ्या मोठ्या माणसाच्या गळ्यातून असा हळवा आवाज निघतो की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. 'डार्विन!' ऐक, 1972 चाच. सबंध अल्बम उत्क्रांतीवर आहे. तू बायोलॉजीवाली, तुला आवडेल.

आणि मग आरेआ. हे बाई, परीक्षेच्या आदल्या रात्री लावू नकोस. 1973 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव 'आर्बाइट माख्ट फ्राय', नाझी छळछावण्यांच्या फाटकावरचं ते कुप्रसिद्ध वाक्य. सुरुवातीला एक बाई अरबीत काहीतरी म्हणते, आणि मग बाल्कन वळणाची एक चाल अशी सुटते की पाय कुठे टाकावा कळत नाही. गाणारा देमेत्रिओ स्त्रातोस, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात जन्मलेला ग्रीक. मानवी गळ्यातून काय-काय निघू शकतं याचा त्यानं ध्यास घेतला होता. एकाच वेळी दोन-दोन सूर काढायचा. 1979 मध्ये रक्ताच्या आजारानं तो न्यूयॉर्कमध्ये वारला, चौतिशीत. त्याच्या उपचारांच्या खर्चासाठी मिलानमध्ये मोठी मैफल ठरली होती, तिच्या आदल्याच दिवशी. मैफल झाली, पण श्रद्धांजलीची.

आता एक युक्ती सांगते, ती कुठल्याही यादीपेक्षा कामाची आहे. बँडच्या मागे जाऊ नकोस, माणसाच्या मागे जा. पीएफएममध्ये व्हायोलिन आणि बासरी वाजवणारा माउरो पागानी पुढे बँड सोडून गेला. त्याचं नाव धरून गेलीस की 1984 साली गायक फाब्रित्सिओ दे आन्द्रेबरोबर केलेला 'क्रेउझा दे मा' सापडतो. तो जेनोवाच्या बंदरी बोलीत आहे, जी खुद्द इटलीतल्या बऱ्याच लोकांनाही कळत नाही. तो प्रॉग आहे की नाही यावर वाद घालणारे घालोत. वाजवणाऱ्यांची नावं वाचायची सवय लाव, एवढं मात्र ऐक माझं. ऑनलाइन ती लपवलेली असतात, पण शोधली की मिळतात.

इटलीचा मुक्काम झाला की चिलीला जा. लोस हाइवास. हा बँड माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे थोडं जास्त बोलेन, सहन कर. व्हिन्या देल मार या समुद्रकाठच्या गावातली ही मुलं. त्यात तीन पार्रा भाऊ. आधी लग्नकार्यात-पार्ट्यांमध्ये नाचाची गाणी वाजवायची, मग आपल्याच मातीतली वाद्यं हातात घेतली: चारांगो नावाचं छोटं तंतुवाद्य, केना नावाची बासरी, त्रुत्रुका नावाचं लांबलचक शिंग. त्याच्या शेजारी पियानो, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. 1973 मध्ये लष्करानं राष्ट्राध्यक्ष अय्येंदेंचं सरकार उलथवलं. ही मंडळी आधी अर्जेंटिनाला गेली आणि पुढे फ्रान्सला. सगळा कुटुंबकबिला घेऊन, एकत्र राहायचे.

घरापासून इतक्या लांब राहून त्यांनी 1981 मध्ये 'आल्तुरास दे माच्चू पिच्चू' केला. शब्द पाब्लो नेरुदांच्या दीर्घ कवितेतले. त्याच वर्षी पेरूमधल्या त्या डोंगरमाथ्यावरच्या भग्न नगरीत जाऊन त्यांनी तो टेलिव्हिजनसाठी वाजवला, आणि निवेदनाला होते कादंबरीकार मारिओ व्हार्गास य्योसा. ते चित्रण मिळतं, नक्की बघ. दगडी भिंतींच्या मध्ये ग्रँड पियानो आणि मागे ढग. पण आधी डोळे मिटून 'ला पोदेरोसा मुएर्ते' ऐक. अकरा मिनिटांचं आहे. बासरीवर सुरू होतं आणि पियानो हळूहळू चढ चढतो. घाई कर म्हणून सांगणारं त्यात काहीच नाही.

आणि हे तुझ्यासाठी मुद्दाम: ड्रम वाजवणारा गाब्रिएल पार्रा 1988 मध्ये पेरूत मोटार अपघातात गेला. त्याच्या जागी पुढे कोण बसलं? त्याची मुलगी, हुआनिता. वडिलांचे सगळे अवघड ताल तिनं उचलले आणि आजपर्यंत वाजवतेय. कंपूतला कुणी "हे मुलींचं संगीत नाही" म्हणाला तर वाद घालू नकोस, हुआनिताचा व्हिडिओ पाठव. त्याच्या मागून स्वीडनच्या एंगलागोर्डचा 'हिब्रिस' पाठव, त्यात अ‍ॅना होल्मग्रेनची बासरी आहे. 1992 चा अल्बम तो. प्रॉग मेलं असं सगळे धरून चालले असताना ही विशीतली पोरं जुना मेलोट्रॉन घेऊन बसली. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असलेलं वाद्य. पट्टी दाबली की त्या टेपवरची व्हायोलिनं किंवा कोरस वाजतात, आठेक सेकंदच, मग टेप संपते. त्या संपण्यामुळेच त्याचा आवाज असा कातर होतो, असं मला आपलं वाटतं.

विषम मात्रांचा बाऊ करू नकोस. इंटरनेटवर लोक 'सात बाय आठ' असं काहीतरी सांगून घाबरवतात. फ्लॉइडचं 'मनी' तू गुणगुणतेस, ते सातातच आहे, आणि तू कधी चुकली नाहीस. रूपक सातांचा, झपताल दहांचा, हे पेटीच्या क्लासला शिकलीच आहेस. तुर्कस्तानात तर रस्त्यावरचं लोकगीतसुद्धा नऊ मात्रांत चालतं, दोन-दोन-दोन-तीन असं. त्यामुळे तिकडच्या बँडना अवघड ताल शोधायला जावंच लागलं नाही. मोयोल्लार ऐक, आणि बारिश मांचोचा '2023'. तो 1975 चा अल्बम आहे, नाव तुर्की प्रजासत्ताकाच्या शंभरीवरून दिलेलं. तेव्हा ते साल किती लांबचं वाटलं असेल!

मॅग्मा. हे नाव तुझ्यासमोर येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. फ्रेंच बँड, प्रमुख ख्रिस्तियाँ व्हाँदेर, ड्रमर. पृथ्वी सोडून कोबाया नावाच्या ग्रहावर गेलेल्या माणसांची कथा त्यानं रचली आणि तिच्यासाठी स्वतंत्र भाषाच तयार केली. त्यामुळे इथे न कळण्यात सगळे समान, फ्रेंच माणूससुद्धा. जॅझ सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन आणि जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ एकत्र आले तर काय होईल, तसं काहीसं ते ऐकू येतं. एकच ठेका ठोकत-ठोकत कोरस वर चढत जातो. काहींना वेड लागतं, काहींचं डोकं उठतं. तुझं डोकं उठलं तर बंद कर, आवडल्याचं नाटक करू नकोस. वेड लागलंच तर टोकियोचे कोएंजी ह्याक्केई शोध. त्यांनी ती वाट आणखी दुप्पट वेगानं पळवली आहे.

जवळचंही सांगते, नाहीतर म्हणशील ताईला परदेशाचंच कौतुक. इंडोनेशियात 1977 साली 'गुरुह गिप्सी' नावाचा एकच अल्बम निघाला. राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंचा मुलगा गुरुह, गिप्सी हा रॉक बँड, आणि बालीचं गमेलान. कांस्याच्या त्या वाद्यांचे सूर आपल्या पियानोच्या सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत. दोन्ही एकत्र वाजतात तेव्हा हवा थरथरल्यासारखी वाटते. कोचीच्या मदरजेनचा 'मक्तूब', 2008 चा. त्यात बैजू धर्मजनच्या गिटारवर कर्नाटक गमक येतात. आणि मुंबईच्या कोशिशचा 'फिरदौस', 2013 चा, हिंदीत. यातले शब्द कळतात, त्यामुळे तुला जरा विश्रांती.

आता घरगुती सूचना. अल्बम सबंध ऐक, सुरुवातीपासून, क्रम न बदलता. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मावायची आणि बँडनी त्या हिशोबानंच रचना केली होती. तेव्हा एकदम सगळं नको असेल तर एक बाजू ऐक आणि थांब. शब्दांचा अर्थ तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर शोध, आधी नाही. हेडफोनचा आवाज कमी ठेव. हे आईसारखं बोलतेय, माहितीये. पण कान एकदा बिघडले की बासरीचे वरचे सूर आधी जातात, आणि या संगीतात बासरी फार असते. तबकड्यांवर मेसचे पैसे उडवू नकोस, जुन्या तबकड्या म्हणजे नुसती हौस आहे. पैसे द्यायचेच तर जे बँड आज वाजवतायत त्यांना दे. बँडकॅम्पवर थेट विकत घेतलंस की मोठा वाटा त्यांच्याकडे जातो. आणि रूममेटला रात्री अकरानंतर आरेआ ऐकवायचं नाही. मैत्री टिकवायची असेल तर पीएफएमची मंद गाणी ऐकव.

या शनिवारी 'स्तोरिया दि उन मिनुतो' लाव. ऐकून झाल्या-झाल्या मला मेसेज करू नकोस, पहिल्यांदा तुला अर्धंच आवडेल. रविवारी पुन्हा ऐक आणि मग फोन कर. हं, संध्याकाळी सातनंतर कर. आधी बाळ झोपलेलं असतं.