खोबरेल तेलाने चरबी जळते का?

प्रश्न : वय ४२, वजन ८१ किलो. खोबरेल तेलाने अंगातली ‘तपकिरी चरबी’ जागी होऊन वजन उतरतं, असं मोबाइलवर पाहिलं. रोज चहात दोन मोठे चमचे घेतो. घरचं फल्लीचं तेल बंद करू का?
– एक वाचक, जामसांवली

उत्तर : फल्लीचं तेल चालू द्या, चहातलं तेल थांबवा. तपकिरी चरबी खरीच असते. मोठ्या माणसांतही ती मानेत आणि गळ्याखालच्या हाडांपाशी काम करते, हे २००९ मध्ये पक्कं झालं. साखर-चरबी जाळून ती ऊब देते. पण तिला मुख्यतः जागं करते ती थंडी. तेलाचं म्हणाल, तर प्रयोगात माशांच्या तेलाने ती चेतवली गेली, तीही उंदरांत! खोबरेलातल्या काही स्निग्धाम्लांनी माणसाचा ऊर्जाखर्च वाढलाच तर किंचित. तुमचे दोन चमचे मात्र सुमारे २४० कॅलरींचे. शिवाय खोबरेल आणि तूप दोन्ही रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवू शकतात, तेव्हा एकदा सौंसरला तपासणी करून घ्या.

तेल कुठलंही असो, माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. जवसाची चटणी जरूर खा. थंडीने चरबी जागी होते म्हणून पौषात गार पाण्याने अंघोळीचा प्रयोग मात्र रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास करू नका. त्यापेक्षा जेवणानंतर अर्धा तास चाला.